तालमीची वर्षं कोण पोसतं?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे शास्त्रीय संगीतातल्या गुणी मुलांचं, व्यावसायिक कलाकार होण्याआधीचं कसून शिक्षण. विषयाचं नाव लांबलचक आहे. आपल्याकडे त्याला एक सुटसुटीत शब्द आहेच, तालीम.

सुरुवातीलाच एक फरक स्पष्ट करतो, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. गाणं शिकणं वेगळं आणि तालीम घेणं वेगळं. महाराष्ट्रात गाणं शिकणारी मुलं भरपूर आहेत. आठवड्यातून दोनदा क्लास, मग प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, जमलं तर विशारद. यातून चांगले श्रोते तयार होतात, चांगले शिक्षक तयार होतात, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण विशारद झालेला प्रत्येकजण दोन तासांची मैफल पेलू शकत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो त्या परीक्षांचा दोष नाही. त्या त्यासाठी नाहीतच.

मैफल पेलणारा कलाकार घडायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात, आणि ती नेमकी बाराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतची असतात. शाळा, दहावी, बारावी, पदवी, पहिली नोकरी असं सगळं ज्या काळात व्हायचं, तोच हा काळ. या वर्षांत मुलगा किंवा मुलगी दिवसातले पाच-सहा तास गाण्याला देते आणि त्यातून घरात एक पैसा येत नाही. उलट खर्च होतो. मग माझा आजचा प्रश्न साधा आहे. ही वर्षं पोसायची कुणी? आणि त्याला जोडून आणखी दोन प्रश्न आहेत. शिकवायचं कुणी, आणि ‘आता तू तयार झालास, बस मैफलीला’ हे म्हणायचं कुणी?

प्रतिभा, रियाज, गुरुकृपा यांवर आपण पुष्कळ बोलतो. या तीन प्रश्नांवर फारसं बोलत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तालमीच्या ज्या ज्या व्यवस्था आल्या, त्या मला तरी या तीन प्रश्नांची निरनिराळी उत्तरं वाटतात.

तालमीत नेमकं काय घडतं?

आधी आत डोकावून बघू. पंडित भीमसेन जोशींचं उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि शेवटी १९३६च्या सुमारास स्वतःच्याच मुलखात, कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या घरी येऊन थांबला. तिथे त्यांना वर्षानुवर्षं तोडी, मुलतानी आणि पूरिया एवढेच राग मिळाले, असं सांगितलं जातं.

ही गोष्ट आपण गुरूच्या कडकपणाचा किस्सा म्हणून ऐकतो. पण हेच तीन राग का, याचा जरा विचार करा. तोडी सकाळचा, मुलतानी दुपार उलटल्यावरचा, पूरिया सूर्यास्तानंतरचा. म्हणजे दिवसाच्या तिन्ही बैठकींना एकेक राग झाला. आता स्वर बघा. तोडी आणि मुलतानी यांचे स्वर एकच आहेत. रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. कागदावर लिहिले तर दोघांत फरक दिसणार नाही. फरक आहे तो चालण्यात. मुलतानी आरोहात रिषभ-धैवत टाकते आणि पंचमावर विसावते. तोडी धैवतावर रेंगाळते आणि पंचमाला जपून हात लावते. पूरियात तर पंचमच नाही, आणि मारव्याचे नि सोहनीचे स्वरही तेच. तिथे पूरिया वेगळा राखायचा तो गंधार-निषादाच्या वजनाने आणि मंद्रातल्या कामाने.

म्हणजे जो मुलगा हे तीन राग खऱ्या अर्थाने शिकतो, तो तीन राग शिकत नाही. स्वर तेच असताना राग कशाने बदलतो, हे त्याच्या गळ्याला आणि कानाला कळतं. हे एकदा कळलं की पुढचे पन्नास राग तुलनेने लवकर येतात. पण हे कळायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. वर्षभराने पाहुणे विचारतात, ‘किती राग झाले?’ आणि उत्तर येतं, ‘एक.’ (हशा)

तालमीचं दुसरं अंग आवाजाचं. पहाटेचा खर्जाचा रियाज, एकेका स्वरावर लांब श्वासात थांबणं, मग पलटे. मुलग्यांच्या बाबतीत यात एक नैसर्गिक अडचण येते. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास आवाज फुटतो. कालपर्यंत तार षड्जाला सहज पोचणारा गळा आज मध्य सप्तकातच अडखळतो. जाणता गुरू अशा वेळी वरच्या स्वरांचा हट्ट सोडतो, मुलाला खालच्या पट्टीत, मंद्राकडे वळवतो, ताण येऊ देत नाही आणि थांबतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

तिसरं अंग म्हणजे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणं. मैफल कशी उभी राहते, तबलजी बदलला की काय करायचं, आवाज लागला नाही त्या दिवशी कसं निभावायचं, हे वर्गात शिकवता येत नाही. गुरूच्या पाठीमागे बसून, त्याने खूण केली की चार सूर जोडून, शिष्य हे शिकतो.

गुरूचं घर

आता पहिली व्यवस्था. गुरूच्या घरी शिष्य राहतो, घरातलाच एक होतो, घरातलं काम करतो. भीमसेनजींनी कुंदगोळला पाणी भरल्याच्या गोष्टी प्रसिद्धच आहेत. अशा घरात खाऊ घालणारा, शिकवणारा आणि ‘तयार झालास’ म्हणणारा असा एकच माणूस असतो. तो माणूस सवाई गंधर्वांसारखा असेल तर याहून चांगली व्यवस्था नाही. चोवीस तास गाणं कानावर असतं.

पण हे घर सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. गंगूबाई हनगल याच सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्या हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जायच्या, तालीम घ्यायच्या आणि परत यायच्या. पुरुष शिष्याला जसं गुरुगृही राहता येई, तसं बाईला सहज राहता येत नसे. एकाच गुरूचे दोन थोर शिष्य, पण एकाच्या तालमीला दिवस-रात्र होती आणि दुसरीच्या तालमीला गाडीचं वेळापत्रक. तरीही त्या गंगूबाई झाल्या, हे त्यांचं मोठेपण. त्याचं श्रेय व्यवस्थेला देऊ नये.

पलुस्करांचा प्रयोग

दुसरी व्यवस्था पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची. ते स्वतः मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. म्हणजे त्यांची तालमीची वर्षं एका राजाने पोसली. पण आश्रित म्हणून गवयाला मिळणारी वागणूक त्यांना बोचत होती. म्हणून ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या आधारावर. वर्गण्या, देणग्या, तिकीट लावून केलेले जलसे यांवर. १९०८मध्ये मुंबईत शाखा निघाली.

या महाविद्यालयाचे हौशी वर्ग आपल्याला आठवतात. पण त्यांच्या बरोबरीने एक उपदेशक वर्ग होता. निवडक मुलं घ्यायची, पालकांकडून काही वर्षांचा करार लिहून घ्यायचा, मुलांना राहायला-जेवायला द्यायचं आणि अहोरात्र शिकवायचं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावं पलुस्करांच्या हाताखालून बाहेर पडली. एका माणसाने एका पिढीत एवढं पीक काढावं, ही सामान्य गोष्ट नाही. ओंकारनाथांना तर विशी उलटण्याआधीच, १९१६मध्ये, लाहोरच्या महाविद्यालयाचं प्राचार्यपद मिळालं.

आणि याची किंमत? मुंबईची इमारत कर्जावर उभी होती. मुलांना जेवू घालणं, शिक्षक ठेवणं, इमारत चालवणं, हे सगळं जलशांच्या पैशातून भागेना. १९२४मध्ये मालमत्तेवर जप्ती आली आणि लिलाव झाला.

आता जरा जगाच्या दुसऱ्या टोकाला बघू, कारण साल तेच आहे. १९२४. त्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाला मेरी लुइस कर्टिस बोक या बाईंनी कर्टिस इन्स्टिट्यूट सुरू केली. वडील नियतकालिकांचे मोठे प्रकाशक, घरी संपत्ती. त्यांनी संस्थेला मोठा कायमस्वरूपी निधी दिला, आणि १९२८पासून तिथे कुणाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतली जात नाही. आजही नाही. विद्यार्थी दोनशेच्या आतच ठेवतात. आपल्या एका पिढीने वाद्यवृंदात जेवढ्या जागा, तेवढीच मुलं घ्यायची, असा साधा हिशेब.

दोन्ही ठिकाणी कल्पना जवळपास एकच होती. गुणी मुलं वेचा, त्यांच्या डोक्यावरची पैशाची काळजी काढा आणि उत्तम गुरू द्या. एक संस्था शंभर वर्षांची होऊन चालू आहे. दुसरीच्या इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर दृष्टीत कमी पडले का? अजिबात नाही. त्यांचे शिष्य त्यांच्या पश्चात एकत्र आले आणि त्यांनी मंडळ उभं केलं, परीक्षा आल्या, आणि गाणं घराघरांत गेलं. पण त्यात एक गोष्ट मागे पडली. परीक्षा स्वतःच्या फीवर चालते, वसतिगृह चालत नाही. म्हणून पलुस्करांच्या दोन कामांपैकी हौशींचं शिक्षण फोफावलं आणि उपदेशक वर्गासारखं काम पुढे त्या प्रमाणात कुणाला चालवता आलं नाही.

देवधर मास्तर आणि एक नवलाचा मुलगा

याच उपदेशक परंपरेतल्या देवधर मास्तरांनी १९२५मध्ये मुंबईत स्वतःचं विद्यालय काढलं. तिथे १९३६च्या सुमारास एक मुलगा आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसं गायचा. लोक थक्क व्हायचे. गावोगाव कार्यक्रम व्हायचे. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही लहानपणीच मिळालेली.

अशा मुलाला शिकवायचं काय? त्याला सगळं येतंच आहे! नेमका इथे तालमीचा कस लागतो. जे येतं आहे ते दुसऱ्याचं आहे, हे त्याला उमजू देणं, आणि त्याचं स्वतःचं येईपर्यंत त्याला जागा देणं. देवधरांचं विद्यालय त्यासाठी योग्य होतं, कारण मास्तर एका घराण्याला बांधलेले नव्हते. निरनिराळ्या घराण्यांचे गवई तिथे येत-जात, मुलाच्या कानावर सगळं पडे. पुढे कुमारजींनी जे केलं ते कुणाचीच नक्कल नव्हतं, हे आपण जाणतो. आता कल्पना करा, हा मुलगा आणखी पाच-सहा वर्षं नकलांचेच कार्यक्रम करत फिरला असता तर? टाळ्या मिळतच होत्या. त्याला थांबायचं कारण नव्हतं.

कंपनी आणि सरकार

राजे गेले, संस्थानं विलीन झाली. मग तालमीची वर्षं पोसायला नवा धनी कोण? एक उत्तर कंपनीने दिलं. १९७७मध्ये कोलकात्यात टॉलिगंजला आयटीसी संगीत रिसर्च अकादमी सुरू झाली. विजय किचलू तिचे पहिले संचालक. गुरूंना आवारात घर, शिष्यांना राहण्याची सोय आणि शिष्यवृत्ती. सुरुवातीच्या गुरूंमध्ये निवृत्तीबुवा सरनाईक होते, हिराबाई बडोदेकर होत्या. म्हणजे महाराष्ट्राचं गाणं कोलकात्यात राहायला गेलं. १९९३पासून पंडित उल्हास कशाळकर तिथे गुरू झाले, आणि मुंबईचे ओंकार दादरकर तिथे शिकून पुढे तिथेच गुरू झाले.

१९८०मध्ये उस्ताद निसार हुसेन खाँ तिथे आले, त्यांच्यासोबत नात्यातला एक लहान मुलगा आला. राशिद खान. पहाटे चारपासून स्वरसाधना, कधी दिवसभर एकच स्वर. पोराला या सगळ्याचा कंटाळा यायचा, आणि ते साहजिकच होतं. पण राशिद खान यांच्या मंद्रातल्या षड्जावर आपण जे हळहळतो, ते त्या कंटाळवाण्या पहाटांमधून आलेलं आहे.

या व्यवस्थेतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी. इथे पैसा कंपनी देते, शिकवतो गुरू, आणि प्रगती तपासायला जाणकारांची समिती असते. तीन कामं तीन हातांत गेली.

सरकारनेही असा एक चांगला प्रयोग केला. १९८१मध्ये मध्य प्रदेश सरकारने भोपाळला ध्रुपद केंद्र काढलं आणि उस्ताद झिया फरिदुद्दीन डागरांना गुरू म्हणून बोलावलं. उज्जैनच्या मराठी घरातले उदय भवाळकर तिथे घडले. मावळत चाललेला गानप्रकार मोजक्या शिष्यांच्या जोरावर पुन्हा उभा राहिला. मात्र अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटासाठी. दरमहा पाच हजार रुपये, दोन वर्षं. आधार म्हणून ती स्वागतार्हच आहे. पण लागणारी वर्षं दहा आणि मिळणारी दोन, हा हिशेब तुम्हीच करा.

आजचं चित्र

आज ही वर्षं कोण पोसतं? बहुतेक ठिकाणी आई-वडील. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांचीच मुलं टिकतात. ज्यांना परवडत नाही, ती मुलं लवकर कार्यक्रम घेऊ लागतात. त्यात दूरचित्रवाणीच्या स्पर्धा आल्या. मी त्यांचा शत्रू नाही, त्यांनी गुणी मुलं घराघरांत पोचवली. पण आपले तीन प्रश्न तिथे लावून बघा. पैसा वाहिनी देते. ‘तू तयार आहेस’ हे वाहिनी आणि प्रेक्षक ठरवतात. आणि शिकवतं कोण? दर आठवड्याला नवं गाणं बसवून घेणं म्हणजे तालीम नव्हे. शिवाय तेराव्या-चौदाव्या वर्षी, आवाज फुटण्याच्या तोंडावर, ज्या वेळी गुरू थांबायला सांगतो, नेमक्या त्याच वेळी त्या मुलाकडे कार्यक्रमांच्या तारखा असतात.

एक नाजूक मुद्दा टाळणार नाही. पैसा, विद्या आणि रंगमंच या तिन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हातात असतात, तेव्हा मुलाला काही वावगं घडलं तर सांगायला जागाच उरत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे निवासी गुरुकुलातल्या गैरवर्तनाच्या तक्रारी उघडपणे पुढे आल्या. इंग्लंडमध्ये बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०२२मधल्या निवासी शाळांवरच्या अहवालात खास संगीत शाळांचाही विचार केला. परंपरा वेगळी, वाद्यं वेगळी, पण दुखणं एकच. गुरूबद्दलचा आदर ठेवूनच मी म्हणतो, मुलाला गुरूखेरीज आणखी एका जाणत्या माणसाशी मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. यात गुरूचा अवमान नाही. चांगल्या गुरूचाही त्यात फायदाच आहे.

समोर काही पालक दिसतात. मुलाला कुणाकडे ठेवण्याआधी एवढं विचारा. पुढच्या पाच वर्षांचा खर्च कोण करणार, आणि ते मधेच थांबलं तर काय? गुरू आठवड्याला स्वतः किती वेळ समोर बसणार? प्रगती बाहेरचं कुणी कधी ऐकणार का? आणि मुलाची शाळा किती सुटणार? कारण दहा जण तालीम घेतात तेव्हा दहाही कलाकार होत नाहीत. जो होणार नाही, त्याच्या हातात पंचविशीला दुसरं काहीतरी असलं पाहिजे. आपली जुनी व्यवस्था या मुलांबद्दल गप्प आहे, आणि त्यांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत.

आणि जे पालक नाहीत, त्यांनाही एक विनंती. सभागृहाला देणगी देताना आपण खुर्चीवर नाव घालतो. एका मुलाचं एक वर्ष पोसलं तर नाव कुठेच लागत नाही. तरी ते करा. पाच-सहा घरांनी मिळून केलं तरी चालेल. पलुस्करांची इमारत वाचवणं आता आपल्या हातात नाही, पण त्यांचं ते दुसरं काम अजून शिल्लक आहे.

एवढं बोलून थांबतो. (टाळ्या)

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने रोज किती तास रियाज करावा?

उत्तर: घड्याळ लावून आकडा सांगणं मला बरोबर वाटत नाही. या वयात सलग तीन तासांपेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन बैठका बऱ्या, आणि त्यांतली एक फक्त ऐकण्याची असावी. गळा दुखला की थांबायचं, हे तिला आधी शिकवा. रियाज तुम्ही सांगितल्यावर करते की आपणहून बसते, इकडे लक्ष ठेवा. आपणहून बसत असेल तर तास आपोआप वाढतील.

प्रश्न: ध्वनिमुद्रणं एवढी उपलब्ध असताना गुरूजवळ राहण्याची आता गरज आहे का?

उत्तर: ध्वनिमुद्रण तुम्हाला गाणं ऐकवतं, तुमचं गाणं ऐकत नाही. तुमचा गंधार किंचित उतरला, हे सांगायला समोर माणूस लागतो. त्याने एकाच छताखाली राहिलं पाहिजे असं नाही, पण रोज नाही तरी वरचेवर त्याने तुम्हाला ऐकलं पाहिजे. आणि अजून वेळ आहे, थांब, हे तोंडावर सांगण्याइतकं त्याचं तुमच्याशी नातं असलं पाहिजे.